जिल्ह्याचा आकडा, तांड्याचे दुखणे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या प्रत्येक जिल्ह्याचे एक पत्रक निघाले. नांदेडचे निघाले, लातूरचेही निघाले. दवाखान्यात बाळंतपणे किती, लसी पूर्ण झालेली मुले किती, रक्त कमी असलेल्या बायका किती, अठराच्या आत लग्न झालेल्या मुली किती, अशा एकेका ओळीपुढे जिल्ह्याचा एकेक आकडा. पत्रक वाचायला सोपे आहे आणि फसवेही तितकेच आहे. नांदेडच्या त्या एका आकड्यात वजिराबादेतल्या व्यापाऱ्याचे घर येते, देगलूर नाक्याच्या गल्लीतले येते, मुखेडच्या डोंगरातला तांडा येतो आणि किनवटच्या जंगलाकडेचा कोलामांचा पोडही येतो. या चौघांची सरासरी काढल्यावर जो माणूस तयार होतो, तो जिल्ह्यात कुठेच राहत नाही.

हे पुस्तक त्या सरासरीच्या आत शिरू पाहते. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत कोण जास्त आजारी पडते, कोण उशिरा दवाखान्यात पोहोचते, कोणाची मुले वर्षाच्या आत जातात, आणि यात जात, जमात, धर्म यांचा हात किती, हा त्याचा विषय. मराठीत या विषयावर लिहिले गेलेले बरेचसे लेखन मेळघाट आणि गडचिरोलीभोवती फिरते. ते योग्यच आहे. पण मराठवाड्याच्या वाट्याला दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या हे दोनच विषय आले, आणि आरोग्य त्या दोहोंच्या सावलीत राहिले.

आधी माणसे कोण ते पाहू. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार होती आणि लातूरची २४ लाख ५४ हजार. दोन्हीकडे अनुसूचित जाती एक पंचमांशाच्या आसपास आहेत. त्यात बौद्ध आणि मातंग हे मोठे समाज. मुसलमान सातांत एक. आदिवासी मात्र लातुरात दोन-सव्वादोन टक्के आणि नांदेडात आठ टक्क्यांच्या वर. नांदेडातल्या आदिवासींचा मोठा गठ्ठा किनवट-माहूरकडे: गोंड, प्रधान, आंध, आणि केंद्र सरकारने ‘अतिशय वंचित’ म्हणून वेगळे काढलेले कोलाम. याखेरीज दोन्ही जिल्ह्यांभर पसरलेले बंजारा तांडे, आणि वडार, कैकाडी, घिसाडी, मसणजोगी, वैदू, गोपाळ असे कितीतरी भटके समाज. या शेवटच्या लोकांची नेमकी संख्या कुठल्याच पत्रकात नाही. आणि माझ्या मते या विषयाची पहिली गाठ तिथेच आहे.

कुटुंब आरोग्य पाहणीत जातीचा प्रश्न विचारतात. पण उत्तराचे कप्पे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि यांपैकी काहीच नाही, एवढेच. बंजारा बाई महाराष्ट्रात ‘विमुक्त जाती-अ’ या गटात मोडते. पाहणीत तो कप्पा नसल्यामुळे ती बहुधा इतर मागासवर्गात जाऊन बसते, बागायती जमीन असलेल्या, मुलगा पुण्यात नोकरीला असलेल्या कुटुंबाशेजारी. दोघींची बेरीज होते आणि तिचे दुखणे विरघळून जाते. देशपातळीवर अनुसूचित जमातीत हजार जन्मांमागे सुमारे ४२ आणि अनुसूचित जातीत सुमारे ४१ बालके वर्षाच्या आत दगावतात आणि उरलेल्या उच्च जातींत २८, हे याच पाहणीने सांगितले. तांड्याचा असा आकडा तिच्यातून काढता येत नाही. आणि जिल्ह्याच्या पत्रकात तर जातवार फोड अजिबातच नसते.

इथे इतिहासाचा एक चमत्कारिक तुकडा सांगायला हवा. हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. १९५६ साली राज्यांची भाषावार फेररचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका तिकडून काढून नांदेडला जोडला गेला. पलीकडचे लंबाडे आंध्रात गेले, अलीकडचे बंजारे मराठी मुलखात आले. दोन्हीकडे तीच भाषा, तेच गोत, लग्ने एकमेकांत. पुढे १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगणातले लंबाडे अनुसूचित जमातीत आले; इकडचे विमुक्तांतच राहिले. सख्ख्या बहिणींपैकी एक सीमेपलीकडे नांदायला गेली तर तिच्या मुलांसाठी आदिवासी विकासाचा पैसा, योजना, आरक्षण वेगळे, आणि दुसरीच्या मुलांसाठी वेगळे. २०२५ च्या सप्टेंबरात निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटचा आधार घेत बंजारा समाजाने अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी मराठवाड्यात मोर्चे काढले, तेव्हा त्याकडे बहुतेकांनी नोकऱ्यांचे भांडण म्हणून पाहिले. आदिवासी संघटनांचा त्याला विरोध आहे आणि त्या विरोधालाही कारणे आहेत. त्या वादात या पुस्तकाला शिरायचे नाही. आरोग्यापुरते एवढेच खरे की तीन हजार लोकसंख्येला उपकेंद्र आणि वीस हजाराला प्राथमिक आरोग्य केंद्र हा आदिवासी आणि डोंगराळ भागाचा निकष, तर सपाटीवर पाच हजार आणि तीस हजार. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर हे बालाघाटाचे तालुके डोंगराळ आहेत, तांडे विखुरलेले आहेत, पण हिशेब सपाटीचा लागतो.

आता तांड्यातलेच एक घर जवळून पाहू. दिवाळीच्या सुमारास या डोंगरी तालुक्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून टोळ्या निघतात. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादम उन्हाळ्या-पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो, आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याचा. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, कधी जवळचाच मांजरा काठ. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या. पहाटे तीन-साडेतीनला बाई उठते, भाकरी थापते, पोराला फडाच्या बांधावर बसवते आणि उजाडायच्या आत तोड सुरू होते. तिने मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, शिडीच्या फळीवरून वर चढवायच्या. पाळी असो, पोट सहा महिन्यांचे असो. एक दिवस घरी राहिले की खाडा. खाड्याचे पैसे उचलीत चढतात, आणि कोयता दोघांचा असल्यामुळे नवऱ्याचाही दिवस बुडतो. फडात संडास नाही, न्हाणी नाही. तिला अंगावरून जाते, खाज येते, ओटीपोट दुखते. ती हे महिनोन्‌महिने कोणाला सांगत नाही. सांगते तेव्हा हंगाम संपलेला असतो आणि हातात थोडे पैसे असतात, म्हणून ती खासगी दवाखान्यात जाते. तिथे तिला सांगतात, पिशवीला सूज आहे, काढून टाकलेली बरी, नाहीतर कॅन्सर होईल.

पिशवी काढण्याचे हे प्रकरण २०१९ साली बीडमध्ये गाजले. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. सगळ्या देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या थोडे वर आहे. समितीचा आवाका बीडपुरता होता. पण टोळ्यांना जिल्ह्याची हद्द नसते. बीडच्या सीमेपासून अहमदपूर काही लांब नाही, आणि तिकडचेच मुकादम इकडची माणसे उचलतात. या बायकांत बंजारा आहेत, वंजारी आहेत, मातंग आणि बौद्ध आहेत, धनगरही आहेत. जातीने त्यांना आजारी पाडले असे कोणी म्हणणार नाही. पण कोणाच्या वाट्याला कोरडवाहू डोंगर आला, कोणाला जमीनच मिळाली नाही आणि कोणाच्या घरात उचल घेण्यावाचून दुसरी सोय नव्हती, हे ठरवताना जातीने आपले काम आधीच उरकलेले असते. डॉक्टरपर्यंत गोष्ट येते तेव्हा तिथे नुसती पांढऱ्या पाण्याची तक्रार उरते.

याच घरातल्या मुलीचे लग्न चौदा-पंधराव्या वर्षी होते. आईबाप फडावर, मागे वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीपाशी, जिवाला घोर. शिवाय लग्न झाले की एक नवा कोयता तयार होतो. महाराष्ट्रात विशी-पंचविशीतल्या २२ टक्के बायकांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली, शेजारच्या परभणीत हा आकडा ४८ आहे. सोळाव्या वर्षी पहिले बाळंतपण, अंगात रक्त सात-आठ, आणि बाळ दोन किलोचे. मग ते बाळ कुठल्या दवाखान्याच्या नोंदीत कमी वजनाचे म्हणून येते. लसीचे कार्ड तांड्यात राहते आणि बाळ कोपीत. तिकडची सिस्टर म्हणते हे आमच्या गावचे नाही, इकडची आशाताई म्हणते ते गेले आहेत. दोघीही खोटे बोलत नसतात.

आता किनवटकडे जाऊ, कारण तिथे एक आजार असा आहे की जो या विषयाची जगभरची गोष्ट सांगतो. सिकलसेल. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात, आणि मूल वेदनेने तळमळते. वर्षाच्या आतबाहेर हातापायांची बोटे सुजतात. घरचे म्हणतात वात आहे, कोणी म्हणते बाहेरचे आहे. तपासणी सोपी आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन नळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर काही नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर नमुना मोठ्या तपासणीला जातो, आणि तिथे कळते की मूल वाहक आहे की रुग्ण. वाहकाला पिवळे कार्ड, रुग्णाला लाल. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी पट्ट्यात वर्षानुवर्षे फिरून हा आजार कुठल्या समाजांत किती, हे दाखवून दिले. गोंड, प्रधान, कोलाम यांत तो आहे. विदर्भातल्या बौद्ध समाजातही बराच आहे. हा जातीचा आजार नव्हे. मलेरियाच्या मुलखात वाहकाला थोडे संरक्षण मिळते म्हणून हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आफ्रिकेत टिकला, सातपुड्यात टिकला, तसा पैनगंगेच्या जंगलातही.

अमेरिकेत हा आजार १९१० साली पहिल्यांदा वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला, आणि पुढची साठ वर्षे तो काळ्या लोकांचा म्हणून दुर्लक्षिला गेला. मग १९७१ च्या सुमारास ब्लॅक पँथर या संघटनेने, जिला आपण फक्त बंदुका आणि काळ्या टोप्यांसाठी ओळखतो, वस्त्यावस्त्यांत फुकट दवाखाने उघडून सिकलसेलच्या तपासण्या सुरू केल्या. पुढच्याच वर्षी, मे १९७२ मध्ये, अध्यक्ष निक्सन यांना सिकलसेल नियंत्रणाच्या कायद्यावर सही करावी लागली. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. नाव तिकडून आले, त्वेष आला, कविता आली. मराठवाड्यात तर अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्याची ओळख करून देणारे पुस्तक लिहिणारे जनार्दन वाघमारे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि पुढे १९९४ साली नांदेडला विद्यापीठ निघाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही तेच. म्हणजे काळ्यांच्या दुःखाची वाट या दोन गावांवरून गेली होती. पण रक्ताची नळी त्या वाटेने आली नाही. पँथरला याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही. गावोगाव माणसे मारली जात होती, बायकांची विटंबना होत होती, त्या आगीत कोणी हिमोग्लोबिन मोजत बसणार नव्हते. तरीही मला हे चुटपुट लावते. आपल्या चळवळींनी पाणवठा मागितला, मंदिर मागितले, शाळा, नोकरी, जमीन, नामांतर मागितले. दवाखाना फार क्वचित मागितला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि २०४७ ची मुदत ठरली. सरकारी मुदतींचा अनुभव आपल्याला आहे. पण तपासणीची गाडी पोडापर्यंत जायला लागली, हेही काही कमी नाही.

अमेरिकेचे नाव निघाले आहे तर आणखी एक गोष्ट. १९८५ साली तिथल्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांच्या नावाने ओळखला जाणारा अहवाल आला. त्यात हिशेब मांडला होता की काळे लोक गोऱ्यांच्याच दराने मेले असते तर वर्षाला सुमारे ६० हजार मृत्यू कमी झाले असते. हा हिशेब त्यांना करता आला, कारण तिथे मृत्यूच्या दाखल्यावर वंशाची नोंद होते. आपल्याकडे मृत्यूच्या नोंदीत धर्माचा रकाना आहे, जातीचा नाही. म्हणून आपल्याला वळणावळणाने जावे लागते. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी २०२२ साली नऊ राज्यांच्या जुन्या पाहणीतून असा हिशेब काढला: सवर्ण हिंदूंपेक्षा आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून जास्त कमी, दलितांचे तीन वर्षांहून जास्त आणि मुसलमानांचे साधारण एका वर्षाने. गरिबीने या तफावतीचा निम्माही भाग उलगडत नाही. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, कारण ती पाहणी इथे झालीच नव्हती.

मुसलमानांबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण तिथे सरधोपट समज उलटतो. देशभर मुसलमान हिंदूंपेक्षा सरासरीने गरीब, तरी त्यांच्यात तान्ही मुले कमी दगावतात. सच्चर समितीने २००६ सालीच हे नोंदवले होते. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे एक मोठे कारण दाखवले: मुसलमान वस्त्यांत संडास वापरण्याची पद्धत जास्त, उघड्यावर बसणे कमी, त्यामुळे मुलांच्या पोटात जंतू कमी. सोवळ्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा. पण बालपणी मिळालेली ही आघाडी मोठेपणी टिकत नाही. नांदेडचा देगलूर नाका असो की उदगीरचे जुने मोहल्ले, तिथे नाल्या, पाणी, कोंदट घरे, रोजंदारी यांनी पुढचे गणित फिरते. महाराष्ट्रातल्या मुसलमानांच्या स्थितीवर महमूदुर रहमान समितीने २०१३ साली अहवाल दिला.

भटक्यांची अडचण याहून मुळाशी आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होते. लातूरला ती पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात मिळाली. तीच आजची महात्मा फुले योजना. हृदयाची, मूत्रपिंडाची, कॅन्सरची मोठी शस्त्रक्रिया विनापैसा होते, आणि तिने इथल्या कित्येक घरांना कर्जातून वाचवले. पण अनेक वर्षे तिचे दार पिवळ्या-केशरी रेशनकार्डाने उघडत होते. पाल ठोकून राहणाऱ्या मसणजोग्याकडे कार्ड कुठले? कार्डाला पत्ता लागतो, पत्त्याला घर, घराला जागा, आणि जागेला गावचा होकार. २०२३ साली योजना सगळ्यांसाठी खुली केल्याचा निर्णय झाला, तरी रेशनकार्ड किंवा अधिवासाचा दाखला हवाच. जन्मल्या गावाची नोंद नसलेल्या माणसाला अधिवास कोणत्या कचेरीतून मिळणार? लातूर तालुक्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’ लिहिले, त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते पुस्तक अभ्यासक्रमांत गेले. त्यात भूक आहे, पोलिसांचा मार आहे, अन् आजारपणही आहे. वाचणाऱ्यांनी त्याकडे साहित्य म्हणून पाहिले. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर ते असायला हवे होते.

लातूरचा विषय निघाला की ‘लातूर पॅटर्न’ येणारच. दहावी-बारावीचे निकाल, मग मेडिकलच्या प्रवेशपरीक्षा. आज राज्यभरातून पोरे इथे खोल्या करून राहतात आणि दरवर्षी इथून डॉक्टर होणाऱ्यांची रांग लागते. १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय काढले तेव्हा शहाणी माणसे त्यांना पुण्याला राहा म्हणत होती. आता दोन वैद्यकीय महाविद्यालये शहरात आहेत. सरकारी २००२ पासूनचे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसे गेली, तेव्हा जखमींना सांभाळायला लातूर शहर होते. इतके डॉक्टर घडवणारा मुलूख, आणि किनवट-माहूरच्या आरोग्य केंद्रांत डॉक्टर टिकत नाहीत. किनवटहून नांदेडचे मेडिकल कॉलेज सव्वाशे किलोमीटरांहून लांब. त्यामुळे तिकडची माणसे आदिलाबादला जातात, माहूरची यवतमाळला. जवळ म्हणून जातात, आणि कधी कधी भाषेसाठीही. कोलामी, गोंडी, तेलुगू, बंजारा बोलणाऱ्या बाईला आदिलाबादेत एखादी समजणारी नर्स भेटते.

अंतर रस्त्याचेच असते असे नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या घनश्याम शहा आणि सहकाऱ्यांच्या अस्पृश्यतेवरील अभ्यासात अकरा राज्यांतली ५६५ गावे होती. त्यांतल्या तेहतीस टक्के गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात जात नव्हते. आता आशाताई वस्तीतलीच असते, त्यामुळे चित्र पालटले आहे. पण सगळे नाही. मांगवाड्यातली बाई ओपीडीच्या रांगेत उभी असते. आडनाव ऐकल्यावर आवाज बदलतो का, तपासताना हात लागतो का, की टेबलापलीकडूनच गोळ्या लिहिल्या जातात, हे तिला पहिल्या मिनिटात कळते. पुढच्या वेळी ती येत नाही. रजिस्टरात फक्त एवढेच राहते, की रुग्ण तपासणीस आला नाही.

बाळंतपणात आई का मरते, यावर दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९९४ साली तीन उशीर सांगितले. दवाखान्यात जायचे ठरवायला उशीर, पोहोचायला उशीर, पोहोचल्यावर उपचाराला उशीर. २०२३ च्या ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरला नांदेडच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस जण दगावले; निम्मी नवजात बाळे होती. आणखी एका दिवसात हा आकडा एकतीस झाला. देश हादरला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. चर्चा झाली ती औषधांच्या खरेदीची, रिकाम्या पदांची, पाचशे खाटांवर दुपटीहून जास्त रोगी असल्याची. म्हणजे तिसऱ्या उशिराची. ती व्हायलाच हवी होती. पण रुग्णालयाने सांगितले की बरीच बाळे खासगी दवाखान्यांतून, शेजारच्या जिल्ह्यांतून, शेवटच्या घटकेला आणली गेली होती. तर मग ती कुठल्या वाडीतून निघाली, कोणाच्या जीपने, कितव्या दवाखान्यानंतर विष्णुपुरीला आली, हे दोन उशीर कोणी उकलून पाहिले नाहीत. त्याऐवजी एका खासदाराने रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला आणि कॅमेऱ्यांसमोर त्यांना शौचालय धुवायला लावले. अधिष्ठाता आदिवासी समाजाचे होते; त्यांच्या तक्रारीवरून ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. एमबीबीएस, वरची पदवी, वैद्यकीय महाविद्यालयाची सर्वोच्च खुर्ची, एवढे सगळे पार केलेल्या माणसाच्या हातात झाडू देताना कोणाला संकोच वाटला नाही. पोडावरून आलेल्या बापाची गत काय होत असेल, त्यावर वेगळे लिहायला नको.

या पुस्तकातल्या लेखकांपैकी काहींचे म्हणणे आहे की केसपेपरवर जात लिहावी, म्हणजे तफावत दिसेल. मला ते पूर्ण पटत नाही. याच मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या धर्तीवर माणसांच्या याद्या झाल्या होत्या; नाव नोंदले जाणे म्हणजे ठाण्यात हजेरी, हे भटक्यांच्या हाडीमांसी खिळले आहे. तो कायदा १९५२ साली गेला, नजर गेली नाही. ओपीडीच्या खिडकीत जात विचारली तर ती आजाराच्या हिशेबापुरती राहील, याची हमी कोण देणार? त्यापेक्षा मला वस्तीनिहाय नोंद जास्त उपयोगाची वाटते. उपकेंद्राच्या रजिस्टरात गावाचे नाव असते, तिथे वाडी, तांडा, पोड, पाल असा एक रकाना वाढवला तर कोणाची जात न विचारता निम्मी गोष्ट कळेल. आपल्याकडे वस्ती आणि जात अजून इतक्या चिकटलेल्या आहेत, की ही लाजिरवाणी सोय आपल्या हाताशी आहे.

जातवार मोजणी मात्र आता होणारच आहे. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी ती जाहीर केली, आणि लोकसंख्येची प्रत्यक्ष गणना २०२७ च्या फेब्रुवारीत, १ मार्च हा संदर्भ धरून, व्हायचे ठरले. बंजारा, वडार, मसणजोगी स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेत पहिल्यांदा आपापल्या नावाने मोजले जातील, आणि आरोग्याच्या आकड्यांना भागायला खाली एक खरी संख्या मिळेल. एक गोष्ट मात्र मोजणीचे वेळापत्रक आखणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. फेब्रुवारी हा ऊसतोडीचा ऐन हंगाम. त्या महिन्यात जळकोट-मुखेडच्या तांड्यांत म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे असतात. धडधाकट बायका-पुरुष शेकडो कोस दूर फडावर असतात, आणि दर चार-आठ दिवसांनी फड बदलतो. त्यांना तांड्यात धरायचे की कारखान्याच्या गावी, की दोन्हीकडून ती निसटणार, हे आधी ठरवावे लागेल. टोळ्यांच्या याद्या कारखान्यांच्या शेतकी खात्याकडे असतात आणि मुकादमांच्या वहीत कोयत्यांची नावे. प्रगणकांना त्या मिळवून देणे साखर आयुक्तालयाच्या एका पत्राने होण्यासारखे आहे.